पट्टीवरचा दोष आणि छातीतला दोष

पन्नाशी ओलांडलेली, चालती-फिरती, स्वतःला निरोगी समजणारी शंभर माणसे ओळीने बसवली आणि एकेकाचा ईसीजी काढला, तर किती जणांच्या पट्टीवर काही ना काही वावगे सापडेल? बहुतेकांचा अंदाज दोन-चारच्या पुढे जाणार नाही. प्रत्यक्षात आकडा बराच मोठा आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात पाळी गेलेल्या १४,७४९ स्त्रियांचे ईसीजी तपासले गेले. त्यांतल्या २८ टक्के स्त्रियांच्या आलेखात किरकोळ आणि ६ टक्के स्त्रियांच्या आलेखात मोठे दोष निघाले. म्हणजे साधारण तिघींमागे एक. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात ७० ते ७९ वयाची २,१९२ माणसे होती, आणि हृदयविकार झाल्याचे ठाऊक असलेल्यांना आधीच वगळले होते. तरीही १३ टक्क्यांत किरकोळ आणि २३ टक्क्यांत मोठे दोष आढळले.

आपल्याकडे ईसीजी आता कुठेही निघतो. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत निघतो, विम्यासाठी निघतो, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी निघतो, सोसायटीच्या मोफत शिबिरातही निघतो. यंत्र स्वतःच पट्टीच्या माथ्यावर निदानाची ओळ छापून देते. ‘ॲबनॉर्मल ईसीजी’ एवढे दोन शब्द घेऊन घरी गेलेल्या माणसाला त्या रात्री झोप लागत नाही. उलट पट्टी ‘नॉर्मल’ आली म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करणारेही पुष्कळ आहेत. दोघेही त्या कागदावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकतात. ही कुवत किती आणि कुठे, हे समजून घेतले तर दोघांचेही भले होईल.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका बारीक लाटेने सुरू होतो. उजव्या वरच्या कप्प्यातल्या पेशींच्या एका पुंजक्यात ती उठते, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मधल्या एका गाठीत क्षणभर थबकते आणि मग दोन शाखांच्या वाटेने खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरते. या लाटेचा जो अंश त्वचेपर्यंत पोहोचतो तो जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरातला असतो. तो पकडणे किती अवघड होते याची कल्पना हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांच्या पहिल्या यंत्रावरून येते. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा एक अतिसूक्ष्म तंतू चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणलेला, आणि त्याभोवती सुमारे २७० किलोंचा पसारा. तो चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. पुढे त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णांचे आलेख आपल्या प्रयोगशाळेत आणले. आज ज्याला टेलिमेडिसिन म्हणतात त्याची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही. आलेखातल्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे त्यांनीच दिली, आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या यंत्रात हातापायांना चार आणि छातीवर सहा अशी दहा टोके लावतात आणि त्यांतून बारा आलेख निघतात. मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालताना दर पावलाला तिचे वेगळे अंग दिसावे, तसा हा बारा बाजूंनी घेतलेला वेध असतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एक बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. साध्या ईसीजीत मिळते ती साधारण दहा सेकंदांची नोंद. दिवसभरात हृदय लाखभर ठोके देते, त्यांतले दहा-बारा या कागदावर उतरतात. उरलेल्या वेळात काय घडले ते या पट्टीला माहीत नसते.

दोष कशाला म्हणायचे हा यातला खरा कळीचा प्रश्न आहे. एकच पट्टी दोन डॉक्टरांना दाखवली तर एक ‘ठीक आहे’ म्हणतो, दुसरा ‘टी वेव्ह जरा सपाट वाटते’ म्हणतो. दवाखान्यात हे चालून जाते, कारण समोर माणूस असतो. त्याला विचारता येते, तपासता येते. पण हजारो लोकांची पाहणी करून हृदयविकाराचे प्रमाण काढायचे, तर अशा मतभेदांवर हिशेब उभा राहत नाही. म्हणून १९६० साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले हेन्री ब्लॅकबर्न, आन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापाचे नियम ठरवून दिले. क्यू लाट किती खोल आणि किती रुंद, एसटीचा भाग किती खाली उतरला, टी लाट सपाट की उलटी, शाखांमधून वीज जायला किती वेळ लागला, हे सगळे मोजून प्रत्येक दोषाला एक आकडी खूण द्यायची. यालाच ‘मिनेसोटा कोड’ म्हणतात. जगभरच्या पाहण्यांमध्ये तो आजही वापरला जातो. मोठे दोष आणि किरकोळ दोष ही विभागणीही अशाच खुणांवरून होते. जुन्या हार्ट अटॅकची खूण असलेली खोल क्यू लाट, डाव्या शाखेतला अडथळा, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठोक्यांची साफ बिघडलेली लय, हे मोठ्यांत येतात. किंचित सपाट टी लाट किंवा विजेच्या लाटेचा थोडा वळलेला अक्ष हे किरकोळांत.

ही चाळणी किती बारीक ठेवायची यावर आकडा ठरतो. याचे आपल्या देशातले उत्तम उदाहरण चेन्नईचे आहे. डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या दोन वस्त्यांमधल्या वीस वर्षांवरील लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे प्रमाण त्यात ११ टक्के निघाले. हा आकडा पुढे बऱ्याच ठिकाणी उद्धृत झाला. पण तो फोडून पाहिला की चित्र पालटते. अटॅक येऊन गेल्याची नोंद होती अशी माणसे १.२ टक्के. क्यू लाटा असलेली १.३ टक्के. एसटीमध्ये बदल असलेली १.५ टक्के. उरलेल्या ७ टक्क्यांचा आधार होता तो फक्त टी लाटेतला बदल. अकरातले सात!

आणि टी लाट ही सगळ्या आलेखात सर्वांत चंचल. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडले की ती बदलते हे खरे. पण भरपेट जेवण, भरभर घेतलेले श्वास, रक्तातले पोटॅशियम खाली जाणे, थायरॉइडचा बिघाड, अशा कारणांनीही ती बदलते. स्त्रियांमध्ये एसटी-टीचे हे मोघम बदल पुरुषांपेक्षा जास्त आढळतात, आणि पुष्कळ जणींच्या रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ असतात. पाहणीच्या सोयीसाठी या बदलांना एक खूण द्यावी लागते, त्याला इलाज नाही. पण त्या खुणेवरून घरातल्या बाईला ‘हृदयरोगी’ ठरवून टाकणे हा अन्याय आहे. असे शिक्के बसलेल्या स्त्रिया पुढे जिने चढायला घाबरतात, आणि ज्या चालण्याने त्यांचे हृदय चांगले राहिले असते ते चालणेच थांबते.

आता हे दोष कुणात जास्त दिसतात ते पाहू. पहिले नाव वयाचे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९१३ साली जन्मलेल्या ८५५ पुरुषांना संशोधकांनी पन्नाशीपासून ऐंशीपर्यंत पुन्हा पुन्हा तपासले. पन्नासाव्या वर्षी शाखांमधला अडथळा म्हणजे बंडल ब्रँच ब्लॉक त्यांतल्या एक टक्का पुरुषांत होता. ऐंशीव्या वर्षी जे हयात होते त्यांच्यात हे प्रमाण १७ टक्के झाले. वीज वाहून नेणारे तंतू वयाबरोबर झिजतात, त्यांच्या जागी चिवट ऊतक येते. या अभ्यासात हा अडथळा असलेल्या पुरुषांना इतरांपेक्षा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मृत्यू लक्षणीय प्रमाणात जास्त आला असे दिसले नाही. संशोधकांनी त्याला हृदयाच्या स्नायूत हळूहळू होणाऱ्या झिजेची खूण मानले. रिपोर्टवर ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ वाचून ‘मला ब्लॉकेज निघाले’ असे सांगत अँजिओग्राफीला निघणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायला हवी. हा अडथळा विजेच्या वाटेतला आहे, रक्ताच्या नळीतला नाही. डाव्या शाखेचा अडथळा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्याच्यामागे स्नायूचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असण्याची शक्यता बरीच जास्त. तो पहिल्यांदाच दिसला तर टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घेणे योग्य.

वयाबरोबर वीज मधल्या गाठीत थबकण्याचा वेळही वाढतो. तो सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त झाला की ‘फर्स्ट डिग्री ब्लॉक’ अशी नोंद होते. अनेक वर्षे त्याला निरुपद्रवी मानले जाई. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाने २००९ साली त्याला थोडी मुरड घातली. तिथे ७,५७५ माणसांपैकी १२४ जणांत तो होता, आणि पुढच्या वर्षांत त्यांच्यात एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण दुप्पट, तर पेसमेकर लागण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट निघाले. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, पण वर्षा-दोन वर्षांनी पट्टी पुन्हा काढावी.

दुसरे कारण उच्च रक्तदाब, आणि माझ्या मते सगळ्या यादीत सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याच्यावर आपला ताबा चालतो. दाब चढलेला राहिला की डाव्या खालच्या कप्प्याला रोज जास्त जोर लावावा लागतो आणि त्याची भिंत जाड होते. ईसीजीत तिथल्या लाटा उंच होतात. पुढे एसटी-टीही बिघडते, तेव्हा समजावे की हा जोर फार काळ चाललेला आहे. अशी जाडी दिसणाऱ्यांना अटॅक, हृदय कमकुवत होणे आणि मृत्यू यांचा धोका जास्त असतो हे फ्रेमिंगहॅमने काही दशकांपूर्वीच दाखवले. १९४८ साली ५,२०९ गावकऱ्यांपासून सुरू झालेला हा अभ्यास आज त्यांच्या नातवंडांपर्यंत पोहोचला आहे. ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात रुळला तो याच अभ्यासामुळे.

भारतात हा धोका किती पसरलेला आहे याचा हिशेब भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मिळतो. तिच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. दाब खाली आणायला औषध मिळवून देण्यात मुंबईचाही वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती उच्च रक्तदाबावर चालते, हे रुग्णांवरच्या नोंदींसह एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळवले. आज त्याहून किती तरी सुरक्षित आणि स्वस्त गोळ्या गावोगाव मिळतात.

जाड झालेली भिंत पुन्हा पातळ होऊ शकते का? होते. बीपी जास्त आणि ईसीजीत जाडीच्या खुणा असलेल्या ९,१९३ माणसांवर झालेल्या ‘लाइफ’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. औषध घेत असताना ज्यांच्या पट्टीवरच्या त्या खुणा ओसरत गेल्या त्यांना पुढे अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू कमी आले, असे या चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात दिसले. पट्टीवरचा दोष मागे हटतो आणि माणसाचे आयुष्यही सावरते, हे या सगळ्या संशोधनातले मला सर्वांत दिलासा देणारे वाक्य वाटते.

एक खबरदारी मात्र ठेवावी लागते. उंच लाटा पाहून जाडीचा निष्कर्ष काढण्याची पद्धत कच्ची आहे. शिडशिडीत तरुणाच्या छातीची भिंत पातळ, त्यामुळे त्याच्या लाटा मुळातच उंच येतात आणि यंत्र उगाच जाडी छापते. स्थूल माणसात हृदय आणि छातीवरचे टोक यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. त्याने लाटा बुटक्या होतात आणि खरी जाडीही लपते. एकोत जाडी दिसते अशा अर्ध्याहून अधिक लोकांची पट्टी ती पकडतच नाही. म्हणून बीपीच्या रुग्णाने ‘ईसीजी साफ आहे’ यावर विसंबू नये.

तिसरे कारण मधुमेह. इथे ईसीजी एक असे काम करतो जे दुसऱ्या कुठल्याही साध्या तपासणीला जमत नाही. न कळलेला अटॅक तो उघड करतो. फ्रेमिंगहॅममध्ये तीस वर्षांत ७०८ अटॅक नोंदले गेले. त्यांतले चतुर्थांशाहून अधिक नेहमीच्या तपासणीतल्या ईसीजीवर नव्या क्यू लाटा दिसल्या तेव्हाच कळले. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना काहीही झाल्याचे आठवत नव्हते. बाकीच्यांनी त्रासाला पित्त, अपचन, उसण असे काहीतरी समजून घरगुती उपाय केले होते. अमेरिकेतल्या चार ठिकाणी चाललेल्या ‘एरिक’ या नव्या अभ्यासात तर हे प्रमाण ४५ टक्के निघाले. ७०३ अटॅकपैकी ३१७ मूक. असा मूक अटॅक येऊन गेलेल्या माणसाला पुढचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि त्याच्यावर उपचार मात्र काहीच चालू नसतात.

मधुमेहात नसा बधिर होत जातात, त्यामुळे हृदयाची कळ जाणवत नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहावर झालेल्या एका मोठ्या आणि नावाजलेल्या अभ्यासात, ज्यांना मधुमेह असल्याचे नुकतेच कळले होते अशा लोकांपैकी १६.६ टक्के जणांच्या ईसीजीवर मूक अटॅकच्या खुणा सापडल्या. साखर वाढल्याचे समजले त्याच दिवशी सहांपैकी एकाच्या हृदयावर घाव आधीच पडलेला होता. चेन्नईच्या पाहणीतही तीच चढण दिसते. साखर नॉर्मल असलेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार ९.१ टक्के, मधल्या अवस्थेत १४.९ आणि मधुमेहींमध्ये २१.४ टक्के. टी लाटेबद्दल वर केलेली तक्रार इथेही लागू आहेच, पण तिन्ही गटांना मोजपट्टी एकच लावली होती. म्हणून आकडे थोडे फुगलेले असले तरी त्यांच्यातला फरक खरा मानावा लागतो. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर जरा वर आली की पहिल्याच वेळी एक ईसीजी काढून ठेवावा, हा आग्रह या आकड्यांवरूनच धरावासा वाटतो.

तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांचा उल्लेख लांबवत नाही. रक्तवाहिन्या खराब करून ते पट्टीपर्यंत पोहोचतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

माणूस राहतो कुठे यावरही दोषांचा तोंडवळा ठरतो, आणि हा भाग फारच विलक्षण आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात १९०९ साली कार्लोस शागास या डॉक्टराने एका परोपजीवीमुळे होणारा रोग शोधून काढला. मातीच्या घरांच्या भेगांत राहणारा एक ढेकणासारखा कीटक तो पसरवतो. संसर्गानंतर वीस-तीस वर्षांनी काही रुग्णांच्या हृदयाचा स्नायू आणि विजेची वाट पोखरली जाते. उजव्या शाखेचा अडथळा आणि डाव्या शाखेच्या पुढच्या फांदीचा अडथळा एकत्र दिसले, की तिथला डॉक्टर आधी रुग्णाचे बालपण कुठल्या गावात गेले ते विचारतो. थायलंड, फिलिपिन्स, जपान या भागांत रात्री झोपेत धडधाकट तरुण पुरुष दगावण्याच्या जुन्या कथा आहेत. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी वर्णन केलेल्या ईसीजीतल्या एका विशिष्ट आकाराने त्यांतल्या अनेक मृत्यूंचा उलगडा झाला.

आपल्याकडची खूण आहे संधिवाताच्या तापातून येणाऱ्या झडपांच्या विकाराची. लहानपणी घसा दुखतो, पुढे सांधे सुजतात, ताप येतो, आणि उपचार अर्धवट राहिले तर हृदयाची झडप आखडत जाते. मग वरचा डावा कप्पा फुगतो, त्यातली वीज सैरभैर होते आणि ठोक्यांची लय साफ बिघडते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ४६ देशांतल्या अशा रुग्णांची एक मोठी नोंदणी झाली. तिच्यात उत्तर अमेरिकेतल्या २.२ टक्के रुग्णांना झडपांचा हा विकार होता, भारतातल्या ३१.५ टक्के रुग्णांना. तिकडे हा म्हातारपणाचा दोष आहे. इकडे तो तिशी-चाळिशीतल्या बाईला पहिल्या पक्षाघाताच्या वेळी कळतो. या लयीत कप्प्यात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि झडपा ठीक असल्या तरी पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. लहान मुलाच्या घशाच्या संसर्गावर वेळेत पेनिसिलिन देणे आणि एकदा असा ताप येऊन गेला की दर तीन आठवड्यांचे इंजेक्शन न चुकवणे, एवढ्याने हे टळू शकते. टळत नाही, याची चीड यायला हवी.

चुलीचा धूरही पट्टीवर उतरतो. वर्षानुवर्षे लाकडे-गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांची फुप्फुसे कधी सिगारेट न ओढता निकामी होतात. फुप्फुसातला दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूला ताण पडतो. अक्ष उजवीकडे झुकतो, पी लाट टोकदार होते. अशी पट्टी पाहून डॉक्टरने चुलीविषयी विचारले पाहिजे.

काही दोष मात्र हृदयात नसतातच. छातीवरची पहिली दोन टोके बरगड्यांमध्ये एक-दोन घरे वर लागली, की जुन्या अटॅकसारखा आकार उमटू शकतो. दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली तर हृदय उजव्या कुशीत आहे की काय असा आलेख येतो. शिबिरात घाईघाईने काढलेल्या पट्टीवर विचित्र काही दिसले, तर शांतपणे, टोके नीट लावून ती पुन्हा काढणे हा पहिला उपचार. रोज पाच-दहा किलोमीटर धावणाऱ्याचे ठोके मिनिटाला पन्नासच्या खाली असणे हे सरावाचे लक्षण आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरते. काही प्रतिजैविके आणि मनोविकारावरची काही औषधे क्यू लाटेपासून टी लाट संपेपर्यंतचे म्हणजे क्यूटी अंतर लांबवतात. म्हणून ईसीजी दाखवायला जाताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

मग सरसकट सगळ्या निरोगी प्रौढांचा दरवर्षी ईसीजी काढावा का? अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या अधिकृत तज्ज्ञगटाने २०१८ साली याला स्पष्ट नकार दिला. लक्षणे नाहीत आणि धोकाही कमी आहे अशांना त्यातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा खोट्या इशाऱ्यांचे, पुढच्या अनावश्यक तपासण्यांचे नुकसान जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. धोका मध्यम किंवा जास्त असलेल्यांबाबत पुरेसा पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. सुरुवातीला सांगितलेल्या सत्तरीतल्या लोकांचे पुढे काय झाले ते पाहिले की हे पटते. पट्टी साफ असलेल्यांत दरवर्षी हजारी सुमारे १७ जणांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला, मोठे दोष असलेल्यांत सुमारे ३२ जणांना. धोका जवळजवळ दुप्पट, हे खरेच. पण मोठा दोष असूनही हजारातल्या ९६८ जणांना त्या वर्षी काही झाले नाही, आणि साफ पट्टी असलेले १७ मात्र सापडले. दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवावेत.

माझे मत असे की बीपी, मधुमेह, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास, तंबाखू, धाप किंवा धडधड यांपैकी काही असेल त्याने चाळिशीनंतर एक पायाभूत ईसीजी जरूर काढावा. यांपैकी काहीच नसेल त्याने तेच पैसे आणि तोच वेळ बीपी आणि साखर मोजण्यात घालवावा.

एकदा काढलेली पट्टी मात्र जपून ठेवा. सुटी पट्टी सहसा औष्णिक कागदावर निघते आणि काही वर्षांत तो फिका पडतो, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाइलमध्ये फोटो घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा. पट्टीवरचा एखादा दोष दहा वर्षे जुना आहे की आज सकाळचा, हे जुन्या पट्टीशिवाय सांगणे फार कठीण. एवढ्या एका कागदामुळे कित्येकदा अतिदक्षता विभागातली भरती टळते, आणि कित्येकदा तीच भरती वेळेवर होते.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, शुद्ध हरपणे यांपैकी काही झाले, तर जुने कागद शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. तो मागून घ्या. आणि पहिली पट्टी नॉर्मल आली तरी त्रास चालू असेल तर घरी जाऊ नका, पुन्हा काढायला सांगा. चालू असलेल्या अटॅकमध्येही पहिला ईसीजी साफ येऊ शकतो.